चौथ्या गाण्यातली खुर्ची

चाकणच्या एका कंपनीत मी गिअरबॉक्स ऐकायचे. हसू नका, कामच ते होतं. जोडून झालेला गिअरबॉक्स काचेच्या बंद खोलीत येतो, मोटर त्याला फिरवते, मी हेडफोन लावून ऐकते आणि हिरवा नाहीतर लाल टॅग लावते. मशीनही असतं. ते स्क्रीनवर रेघा काढतं. पण रेघांचं आणि माझं पटलं नाही, की साहेब स्क्रीन सोडून माझ्या तोंडाकडे बघायचे. सतरा वर्षं हे केलं आणि त्याचा मला माज होता, हेही कबूल करते.

शिफ्ट सुरू करताना आमची एक रीत असते. पहिला खरा गिअरबॉक्स घेण्याआधी ‘मास्टर’ ऐकायचे. कपाटात चार गिअरबॉक्स कायमचे ठेवलेले असतात, एक चांगला आणि तीन मुद्दाम बिघडवलेले. ते ऐकून कान जागेवर आणायचा. कारण कान रोज सारखा नसतो. सर्दी असते, घरी भांडण झालेलं असतं, कंपनीच्या बसमध्ये शेजारची बाई तासभर कानाशी बोललेली असते. मास्टर ऐकला की कळतं, आज आपण कुठे आहोत.

हे आधी सांगितलं, कारण माझं आजारपण मी याच रितीवर काढलं.

*

पाळी जाऊन वर्ष झालं होतं आणि पुन्हा डाग दिसू लागले. मी दोन महिने कुणाला बोलले नाही. उन्हाळ्याने असेल, दगदगीने असेल, असं स्वतःला सांगत राहिले. गिअरबॉक्समध्ये एवढासा आवाज बदलला तर मी लाइन थांबवते, आणि स्वतःच्या अंगातून रक्त जातंय तर गप्प. वाचणाऱ्या बायकांनो, तुम्ही असं करू नका. बाकी काही नाही वाचलंत तरी चालेल, एवढं लक्षात ठेवा.

गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरीणबाई शांतपणे सांगत होत्या आणि मला मात्र त्यांच्या डोक्यावरच्या पंख्याचं बेअरिंग ऐकू येत होतं. गेलेलं होतं ते. मी पंख्याकडे बघत राहिले.

शेजारी माझे यजमान मिलिंद बसले होते. तळवड्याला एका छोट्या कारखान्यात पंचवीस वर्षं ते पॉवर प्रेसवर आहेत. पत्रा ठेवायचा, प्रेस मारायची, तुकडा काढायचा, दिवसभर हेच. ते म्हणाले, “काय म्हनल्या?”

बाईंनी पुन्हा सांगितलं. हे पुन्हा, “काय?”

“ऐकू येत नाही का तुम्हाला?” मी त्यांच्यावर तिथेच खेकसले. कॅन्सर झालेली मी, आणि ओरडा खाल्ला त्यांनी. तसं हे भांडण आमच्या घरात जुनंच. टीव्हीचा आवाज मोठा, बोलणं मोठं, आणि स्वयंपाकघरातून मी काही सांगितलं तर उत्तर नाही. ऐकायचंच नसतं या माणसाला, असं माझं बावीस वर्षांचं ठाम मत होतं.

उपचार ठरले. आठवड्यातून पाच दिवस रेडिएशन आणि दर गुरुवारी सलाइनमधून इंजेक्शन, अशी सहा. त्या इंजेक्शनने काय काय होऊ शकतं, त्याचा एक कागद दिला. मळमळ, थकवा, किडनीवर ताण. खाली एक ओळ होती, उंच आणि बारीक आवाज ऐकू येणं कमी होऊ शकतं. तसं वाटलं तर लगेच सांगा, असं बाई दोनदा बजावून म्हणाल्या.

खरं सांगते, मरणाची भीती नंतर वाटली. आधी कानाची वाटली. घरी येऊन रडले तीही कानासाठी. आमची प्रज्ञा ताथवड्याला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती चिडली. “आई, जीव वाचायची गोष्ट चाललीय आणि तू कान काय घेऊन बसलीस?”

तिचं बरोबर होतं. माझंही बरोबर होतं. त्या दिवशी घरात कुणी नीट जेवलं नाही.

*

मला मास्टर हवा होता. कान उतरतोय का हे ओळखायला दर आठवड्याला तोच आवाज, त्याच मोबाइलवर, तेवढाच मोठा लावून ऐकायला हवा. गिअरबॉक्स काही दवाखान्यात नेता येत नाही. प्रज्ञाने तिच्या मोबाइलवरचा एक इंग्रजी अल्बम माझ्याकडे पाठवला. “हा घे. यात खूप बारीक बारीक वाजतं. आणि तुझं डोकंही शांत राहील.”

विलायतेतल्या एका बाईचा अल्बम होता, दहा गाण्यांचा. माझं इंग्रजी म्हणजे कंपनीतल्या पाट्या वाचण्यापुरतं. शब्द अर्ध्याहून जास्त कळले नाहीत. पहिल्या इंजेक्शनच्या आदल्या संध्याकाळी गॅलरीत बसून ऐकला आणि मी थक्क झाले.

ती बाई ओरडत नव्हती. आमच्याकडे गाणं म्हटलं की मिरवणुकीतला स्पीकर, छातीत धडधडणारा. ही किंचित बसक्या गळ्याने, भाजी निवडता निवडता बोलावं तशी गात होती. मागे ड्रमवाला काठ्यांऐवजी ब्रश फिरवत होता. जाड तारांची गिटार खालून हळूच आधार देत होती. कुणालाच कुठे पोचायची घाई नव्हती. आणि इतकी मोकळी जागा! दोन आवाजांच्या मध्ये अशी शांतता मी सतरा वर्षांत ऐकली नव्हती. आमच्या कामात शांतता म्हणजे मोटर बंद पडली. इथे ती मुद्दाम ठेवलेली होती.

चौथ्या गाण्यात मात्र मी दचकले. गाता गाता ती बाई खुर्चीत सरकली असावी, कारण लाकूड ‘कुर्र’ करून वाजलं. स्पष्ट. मी मागे नेऊन तीनदा ऐकलं. आणि त्याच्या जरा पुढे एक घंटी होती, एकदाच, बोटाच्या नखाने काचेला टिचकी मारावी इतकी बारीक. टिंग. पूर्ण अल्बममधला सगळ्यात उंच आवाज तो. पुन्हा कुठेच येत नाही. अंगावर काटा आला. आणि लगेच डोक्यात कामही आलं, की हाच माझा मास्टर. जाईल तर आधी हीच जाईल.

मग मी प्रज्ञाला हाक मारली. “इथं खाली लोक लिहितात ना? लिही. चौथ्या गाण्यात खुर्ची वाजते. बाकी काम उत्तम आहे, पण हे दुरुस्त करून घ्यावं.”

“आई, असं कुणी लिहीत नाही.”

“दोष दिसला तर लिहायचा. लिही.”

तिने कपाळावर हात मारला आणि इंग्रजीत लिहिलं. खाली माझ्या सांगण्यावरून ‘गिअरबॉक्स तपासनीस, चाकण’ असंही टाकलं.

*

गुरुवारची खोली सहा खुर्च्यांची होती. सकाळी सुई लागली की दुपार होईपर्यंत उठणं नाही. माझ्या शेजारच्या खुर्चीवर शौकतभाई असायचे. चिंचवडला त्यांचं गाड्यांचं गॅरेज आहे. त्यांना घशाचा कॅन्सर, पण औषध माझंच, वारही माझाच. पहिल्या दिवशी मी इयरफोन लावून डोळे मिटून बसले होते. मध्ये डोळे उघडले तर हे टक लावून बघत होते.

“ताई, काय ऐकताय एवढं? चेहऱ्यावरून वाटतंय कुठंतरी इंजिनचं नॉकिंग पकडताय.”

मी सांगितलं, काय काम करते ते. माणूस उठून बसायला गेला, सलाइनची नळी ताणली. “अहो, मग आपण एका जातीचे! मी स्क्रू-ड्रायव्हर इंजिनला लावतो, मूठ कानाला. तीस वर्षं झाली.”

दुसऱ्या गुरुवारी ते गॅरेजमधून हाताएवढा स्पीकर घेऊन आले. जाळीला ग्रीस लागलेलं. सिस्टरने तो कापसाने पुसून घेतला आणि “हळू लावा, बाकीच्यांना त्रास नको” म्हणून परवानगी दिली. बाकीच्यांना त्रास झाला नाही. चौथ्या गाण्यापर्यंत खोलीतल्या सहाही खुर्च्या गप्प होत्या. शौकतभाई ड्रमवर खूश. “काय सेट केलंय राव! नवीन गाडी जागेवर आयडलिंगला ठेवावी तसं. जरा कमी नाही, जरा जास्त नाही.”

मग खुर्ची वाजली. मी म्हटलं, “हे बघा. हा दोष. मी कळवलंय.”

“काय कळवलंय?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांच्या गाडीला ओरखडा पाडलाय. “ताई, ती बाई तिथं बसलीय म्हणून तर वाजतंय. ते काढलं तर बाई उठून जाईल की.”

मी मान उडवली. पण त्याच आठवड्यात प्रज्ञा मोबाइल घेऊन आली. माझ्या तक्रारीखाली उत्तरांची रांग लागली होती. ती वाचत गेली, मराठीत सांगत गेली. कुठल्या तरी बर्फाच्या गावातला ट्रकवाला म्हणत होता, त्या खुर्चीला हात लावू नका, मी रात्रपाळीला तिचीच वाट बघतो. एका म्हातारीने लिहिलं होतं, नवरा गेल्यापासून घरात दुसरं कुणी खुर्चीत सरकत नाही, म्हणून मी हे गाणं लावते. एकाने विचारलं होतं, गिअरबॉक्सवाल्या ताई, पुढची घंटी तुम्हाला ऐकू आली का? आम्हाला वर्षभर कळलीच नव्हती.

मी ते तीन-तीनदा वाचून घेतलं. एकमेकांचं तोंड न पाहिलेली माणसं, जगाच्या कुठल्या कुठल्या टोकाला, एकाच जागी कान देऊन थांबलेली. आणि त्यात मी, सलाइनने सुजलेल्या हाताची, पिंपरीतल्या आमच्या घराच्या गॅलरीत. इतकं नवल मला आयुष्यात कशाचं वाटलं नसेल. प्रज्ञाला म्हटलं, “लिही. तक्रार मागे. हिरवा टॅग.”

*

बाकीचं काही गोड नव्हतं. रेडिएशनच्या टेबलावर रोज कपडे काढून, हलायचं नाही म्हणून मढ्यासारखं पडायचं. जुलाब. भाताच्या वासानेही उलटी. मी प्रज्ञावर ओरडायचे, ती यांच्यावर, आणि हे कुणावरच नाही, म्हणून मला आणखी राग. दर गुरुवारी सुट्टी टाकून ते माझ्या पायाशी स्टुलावर बसायचे. काही बोलायचे नाहीत. अल्बम लागला की माझ्याकडे बघत बसायचे. मला वाटायचं, कंटाळलेत.

तिसऱ्या आठवड्यात शौकतभाईंचा गळा पार भाजला. बोलणं बंद झालं. मग खुणा सुरू झाल्या. ड्रम आवडला की अंगठा. दुपारपर्यंत अल्बम तीन-चारदा फिरायचा, आणि दर वेळी चौथ्या गाण्यात घंटी आली की एक बोट वर. मीही बोट वर करायचे. दोघांची बोटं एकदम वर गेली की आम्हाला हसू यायचं. खोलीतल्या इतरांना वाटत असेल, औषध डोक्यात गेलंय यांच्या.

चौथ्या गुरुवारी घंटी आली नाही.

मी वाट बघत होते आणि शौकतभाईंचं बोट वर गेलेलं दिसलं. मी झटकन माझंही वर केलं आणि हसले. मनात हिशेब सरळ होता. सांगितलं तर औषध थांबवतील, मग गाठ राहिली तर? आणि न सांगितलं तर कान जाईल, तो जातोच आहे. कुणाला कळणार होतं?

दवाखान्यातून बाहेर पडून रिक्षात बसलो तोच हे म्हणाले, “आज तुजं बोट उशिरा गेलं.”

मी चपापले. “काहीतरीच. तुम्हाला काय कळतंय त्यातलं?”

“कळतंय. त्याचं बोट आधी गेलं, तुजं मागनं. उद्या बाईंना सांग. न्हाईतर मी सांगतो.”

रिक्षाभर मी त्यांच्याशी बोलले नाही. वाटलं, या माणसाला घंटी ऐकू येते, आणि मला नाही. टीव्ही फुल्ल करून बसणाऱ्याला! इतका अन्याय मला त्या आजारात दुसऱ्या कशाचा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी सांगितलं. बाईंनी कान तपासायला पाठवलं, कागदावर आलेखाची रेघ उजवीकडे घाट उतरावा तशी खाली गेली होती. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी विचार करून पाचवं इंजेक्शन दिलं आणि सहावं रद्द केलं. पाचात काम होतं, असं त्यांनी मला कागद काढून समजावलं. “वेळेवर सांगितलंत. अजून खाली गेलं असतं तर माणसांचं बोलणं समजणं जड गेलं असतं.” शौकतभाईंना सहाही झाली. त्यांचा कान टिकला. प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं.

म्हणून दुसरी गोष्ट सांगते. अंगात जे बदलेल ते लपवू नका. डॉक्टर औषध बदलू शकतात, मन ओळखू शकत नाहीत.

*

गाठ गेली. तपासण्या चालू आहेत, आतापर्यंत चांगल्या आल्यात. शौकतभाई अर्धा दिवस गॅरेजला जातात. आवाज घोगरा झालाय, पण आहे.

कंपनीत परतले त्या सकाळी काचेच्या खोलीत बसून आधी चार मास्टर ऐकले. चांगला ओळखला. बिघडलेल्यांतले दोन ओळखले. तिसऱ्यात बेअरिंगची एक बारीक शीळ असते. सतरा वर्षं मी ती झोपेतही ओळखली असती. मोटर फिरत होती, मी हेडफोन कानावर दाबून धरला होता, आणि तो गिअरबॉक्स मला चांगला वाटत होता. हिरवा टॅग हातात घेतला आणि परत ठेवला. साहेबांना जाऊन सांगितलं, “मला तिसरा येत नाही.” ते म्हणाले, “अजून एकदा बघा की.” मी म्हटलं, “बघितला. येत नाही.”

आता मी जोडणीच्या टेबलावर असते. काचेच्या खोलीत एक तरुण मुलगी बसते. उतावळी आहे, पण कान चांगला आहे. पहिले काही दिवस तिकडे बघवत नव्हतं.

कंपनीत परतले त्याच आठवड्यात, रविवारी दुपारी, प्रज्ञा बाहेर गेली होती. इंजेक्शनं संपल्यापासून मी अल्बम लावलाच नव्हता. त्या दिवशी लावला. शौकतभाईंनी तो स्पीकर मलाच देऊन टाकला होता. बाई गायला लागली आणि काय सांगू, सगळं जागेवर होतं. गळा, ब्रश, खालची गिटार, मधली शांतता. चौथं गाणं आलं. खुर्ची कुर्र करून वाजली, पहिल्या दिवशीइतकी स्पष्ट. ज्याला मी दोष म्हणून कळवलं होतं तेच माझ्याजवळ राहिलं होतं. मला रडू आलं.

“अहो,” मी म्हटलं, “इकडे या. मी पुन्हा लावते. घंटी आली की बोट वर करा. मला नुसतं कळू दे, ती कुठे आहे ते.”

ते येऊन समोर बसले. मी लावलं. खुर्ची वाजली. यांनी डोळे बारीक केले, ओठ किंचित हलले, आणि एका क्षणी बोट वर गेलं. अगदी तिथेच. ती जागा माझ्या हाडांच्यासुद्धा ओळखीची होती.

“बरं आहे,” मी डोळे पुसत म्हटलं. “घरात एकाला तरी येते.”

ते खाली बघत राहिले. मग म्हणाले, “मला न्हाई येत.”

“म्हणजे?”

“ती घंटी. मला कदीच आली न्हाई. एकदाबी. प्रेसवर दोन-तीन वर्षं झाली तवाच बारीक आवाज जायाला लागलं.”

“मग बोट?”

“तू आन् शौकतभाई हसायचा ना तितं. मला वाटलं, काय येतंय कळावं. न्हाई कळलं. मग मोजून ठेवलं. खुर्ची वाजली की ड्रमचं ठोकं मोजायचं. एकोणिसाव्याला तुमची बोटं वर जायाची.” दिवसभर प्रेसचे ठोके मोजणारा माणूस तो. “त्या दिशी एकोणिसाव्याला त्याचं एकट्याचं गेलं.”

बावीस वर्षं. टीव्हीवरून, हाकेवरून, त्या डॉक्टरीणबाईंच्या खोलीत. सगळं एकदम आठवलं. “मला सांगितलं का नाही कधी?”

ते खरंच गोंधळून माझ्याकडे बघत होते. “तू आवाज तपासनारी. मला वाटलं, तुला ठावं आसंल.”

मी त्यांचा हात धरला. मग गाणं मागे नेलं आणि पुन्हा लावलं. खुर्ची वाजली. आम्ही दोघं मोजायला लागलो, ते मनात, मी ओठात. सतरा. अठरा. एकोणिसाव्याला दोघांची बोटं एकदम वर गेली.